झेंडा बाहेर ठेवून जाण्याची सभा

(जासई येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपण ज्या गावात बसलो आहोत ते दि. बा. पाटील यांचे जन्मगाव. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये या परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या बलिदानातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. हे आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. त्या लढ्यातून आलेल्या पैशाचा काही वाटा बारच्या गल्ल्यात गेला, हे मात्र स्मृतिदिनाच्या व्यासपीठावरून कोणी बोलत नाही. शेत गेले, मिठागर गेले, एकरकमी पैसा हाती आला आणि दिवसभराचे काम हातातून गेले. अशा घरात बाटली शिरली तर नवल कसले?

दारूविरुद्धची लढाई आपल्याला नवी नाही. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली जोतीराव फुले यांनी वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला. अलीकडच्या काळात गावोगावच्या स्त्रियांनी मतदान करून बाटली आडवी केली. परंतु दुकान बंद होणे आणि माणसाची दारू सुटणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले काम मोर्च्याने होते. दुसऱ्या कामात आपण कच्चे आहोत. वर्षानुवर्षे मोर्च्यात पुढे चालणारा आपलाच सहकारी पिऊ लागला की आपण आधी ते झाकतो, मग त्याची चेष्टा करतो आणि शेवटी त्याला समितीतून वगळतो. टी.बी. झालेल्या साथीशी आपण असे वागलो असतो काय?

ज्या सभेविषयी मला बोलायचे आहे ती आपल्या ओळखीच्या सभांसारखी नाही. अमेरिकेतील ॲक्रन गावी १९३५ साली बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा शल्यवैद्य, दोघेही दारूने खचलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना उभी राहिली. भारतात ती १९५७ पासून आहे. सभासदत्वाला अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही. एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत दहावीस माणसे बसतात. एकेक जण आपले नाव सांगून ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणतो आणि स्वतःची हकीकत सांगतो. मध्ये कोणी तोडत नाही, उपदेश करीत नाही. नवख्याने नुसते ऐकले तरी चालते. कोणी जन्मभराची शपथ मागत नाही. आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच. जुना सभासद नव्याला आपला फोन देतो, आणि संध्याकाळी घसा कोरडा पडू लागला की त्या फोनचे मोल कळते.

येथे आपल्यापैकी काही जण ईश्वराचा मुद्दा काढतील. त्यांच्या बारा पायऱ्यांत तो आहे, हे खरे. पण ज्याला जसा समजेल तसा, अशी मोकळीक त्यांनीच ठेवली आहे आणि अनेक नास्तिक त्या समूहालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानून तेथे टिकले आहेत. समूहाच्या शक्तीवर विश्वास ठेवणे आपल्याला तरी जड जाऊ नये! ही संघटना कोणत्याही राजकीय प्रश्नावर मत देत नाही, बाहेरची देणगी घेत नाही. तेव्हा फलक, हार, वर्तमानपत्रातील बातमी यांचा मोह टाळा.

खरी अडचण गावची आहे. जेथे निम्मे गाव भावकीचे, तेथे आडनाव न सांगून काय लपणार? म्हणून पहिली सभा बाहेरगावची शोधावी. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत धावते. नेरूळ-बेलापूर आता दूर राहिलेले नाही. सभेचा वार, वेळ आणि भाषा संघटनेच्या दूरध्वनीवर विचारून घ्यावी, कारण जागा बदलतात. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे. एक सभा मानवली नाही तर दुसरी पाहावी. सगळ्यांचा सूर एक नसतो.

आणखी एक गोष्ट, जी जीवावर बेतू शकते. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात एकट्याने दारू तोडू नये. हातपाय कापणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात. माणूस दगावूही शकतो. त्याला आधी डॉक्टरकडे न्यावे, सभा त्यानंतर किंवा त्याबरोबर. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये उपचाराच्या जोडीला दारू सोडलेली माणसेच कार्यकर्ते म्हणून उभी राहिली. तेथे पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. अल-ॲनॉनच्या सभाही घरच्यांसाठीच असतात. नवरा जायला तयार नसेल तरी बाईने जावे. तिने कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.

प्रत्येक शाखेने दोन साथी नेमावेत. त्यांनी जवळच्या सभांची माहिती काढावी आणि जो जायला तयार होईल त्याच्याबरोबर लोकलने जावे. सभा बंद असेल, म्हणजे फक्त मद्यपींसाठी असेल, तर त्यांनी बाहेर चहा घेत थांबावे. परतताना आत काय झाले, असे विचारू नये.