पोटाचा विषाणू दिसतो तरी कसा?

आज तिरुवैयारूहून बोलतोय.

शेजारच्या दहा महिन्यांच्या बाळाला उलट्या-जुलाब लागले. शौचाच्या तपासणीत काहीच आढळलं नाही. आजी म्हणाली, "दात येतायत." ओआरएस पाजायचं थांबलं, आणि रात्री बाळाचे डोळे खोल गेले. सलाईन लावावं लागलं. आता बरं आहे.

रिपोर्ट खोटा नव्हता. तपासणीतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाला अमिबा दिसतो, जंतांची अंडी दिसतात. पण सुमारे २०० नॅनोमीटरच्या खालचं त्याला वेगळं दिसत नाही. रोटाव्हायरस असतो ७५च्या आसपास. केसाच्या जाडीत असे हजारभर शेजारी-शेजारी मावतील!

त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तांब्याच्या इवल्याशा जाळीवर नमुन्याचा थेंब ठेवतात आणि जड धातूचं द्रावण घालतात. ते विषाणूभोवती आणि त्याच्या फटींत साचतं. त्यामुळे पार्श्वभूमी काळी आणि विषाणू पांढरा दिसतो. छापलेल्या चित्रांतले लाल-हिरवे रंग मागाहून भरलेले असतात, बरं का.

आणि दिसतं काय? बैलगाडीचं चाक. (देवळाच्या रथाचं नव्हे, ती चाकं बहुधा भरीव असतात.) मधे तुंबा, बाहेर जाणारे आखूड आरे आणि कडेला गुळगुळीत धाव. १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याच्या तुकड्यांत हे कण पाहिले. लॅटिनमध्ये 'रोटा' म्हणजे चाक, त्यावरून पुढे नाव पडलं. गंमत अशी, की ही धाव निघालेले, खडबडीत कडेचे कणही दिसतात. त्यांची संसर्ग करायची ताकद गेलेली असते.

दुसरा नोरोव्हायरस. तो याच्याही निम्म्याहून लहान. १९७२ साली अमेरिकेत कापिकियन यांनी नमुन्यात बऱ्या झालेल्या माणसाचा रक्तद्रव मिसळला. त्यातल्या प्रतिपिंडांनी कण एकत्र चिकटवले आणि ते पुंजके नजरेस पडले. शत्रू एकटा सापडेना, म्हणून त्याचा जमाव करवला. मला फौजी म्हणून ही युक्ती फार आवडली.

रोटाची भारतीय लस दिल्लीतल्या एका नवजात बाळात सापडलेल्या विषाणूपासून बनली. दिल्ली, पुणे आणि आमच्या तमिळनाडूतलं वेल्लोर इथे ६,७९९ बाळांवर तिची चाचणी झाली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना थेंब देतात, सरकारी केंद्रात फुकट. नोरोवर मात्र ती चालत नाही.

त्या आजींना मी मोबाईलवर चाकाचं चित्र दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ओआरएस किती पाण्यात कालवायचं?" एक लिटरचं पाकीट असेल, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात, सगळं एकदम.