गाठीची वाट पाहू नका

(मोहर्ली येथील आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी पत्रकार आहे, वैद्य नव्हे. तज्ज्ञांकडून जे समजून घेतले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो. ताडोबाच्या वेशीवरील या गावात प्रत्यक्ष वाघ दिसेपर्यंत कोणी थांबत नाही. मातीतला ठसा, वानराची हाक, एवढ्यावरून आपण सावध होतो. स्तनाच्या कर्करोगाबाबत मात्र आपण एकाच खुणेची, गाठीची, वाट पाहतो. काही दुर्मीळ प्रकारांत ती हाताला लागतच नाही.

दाहक प्रकारात काही आठवड्यांतच स्तन लाल, गरम होऊन सुजतो. त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसते. अंगावर पाजणाऱ्या मातेला हे गळूच वाटते. औषध जरूर घ्यावे. पण आठ-दहा दिवसांत उतार पडला नाही, तर औषधे बदलत न बसता बायोप्सी करावी. येथे आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया आणि त्यानंतर किरणोपचार असा क्रम असतो.

दुसरा प्रकार जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली वर्णिला. एकाच स्तनाग्रावर खाज, खपली, स्राव. खरूज समजून महिनोन्‌महिने मलम लावले जाते आणि आतील रोग वाढत राहतो. बंधूंनो, आपणही यातून मुक्त नाही. स्तनकर्करोगाच्या शंभर रुग्णांत सुमारे एक पुरुष असतो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या महिलांची प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तपासलेल्या गटात पन्नाशीपुढील महिलांचे या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण महिलांत तसा लाभ दिसला नाही. म्हणून त्यांनी स्वतःच्या शरीरातील बदल ओळखणे अधिकच अगत्याचे.

संघप्रचारक डॉ. आबाजी थत्ते यांच्या नावाच्या संस्थेने नागपुरात नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट उभारली आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. पण रुग्णालयाच्या दारापर्यंतची वाट लाजेने अडते. आई सुनेला सांगत नाही, सून नवऱ्याला सांगत नाही. मातृशक्तीचा जयजयकार करणाऱ्या आपण कार्यकर्त्यांनी घरात असे वातावरण निर्माण करावे की, ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगता यावी. आणि सांगितल्यावर सोबत जावे. सेवेचा आरंभ घरापासूनच होतो.