गावच्या पाण्याची वही

आपल्या धाराशिव जिल्ह्यात पाण्याची गोष्ट निघाली, की पहिला प्रश्न ठरलेला: पाणी किती आहे? विहिरीला किती हात पाणी, तळ्यात किती साठा, टँकर कधी येणार. अवर्षणाच्या मुलखात हे साहजिकच आहे. पण आज मी दुसरा प्रश्न विचारणार आहे. जे पाणी आहे, ते कसे आहे?

आपली तेरणाच घ्या. तेरखेड्याजवळ उगम पावून, गोरोबाकाकांच्या तेरवरून ती माकणीच्या धरणात येते आणि पुढे मांजरेला मिळते. तिच्या खोऱ्यात ऊस आहे, सोयाबीन आहे, साखर कारखानेही आहेत. समजा, अशा खोऱ्यात एखाद्या ओढ्याचे पाणी काळपट झाले, मासे तरंगू लागले. शेतकरी कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखाना गावच्या गटाराकडे, आणि गाव शेतातल्या खताकडे. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडेफार तथ्य असेलही. पण नोंद कुणापाशीच नसते. शिवाय सहकारी कारखान्याचे सभासद आपणच आणि विहिरीचे मालकही आपणच! उसाचे बिल तिथूनच यायचे, म्हणून तक्रार करायला जीभ रेटत नाही.

यावर उपाय एकच: सर्वांनी मिळून पाणी तपासायचे, तेही ठरलेल्या वेळी. वेळेला इतके महत्त्व का? गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. नेमक्या याच महिन्यांत आपल्या नद्या आटत जातात. जे सांडपाणी पुरात पातळ झाले असते, ते आता डोहात साचून राहते. त्यातली साखर व मळी कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात.

खताची तऱ्हा वेगळी. पिकाने न घेतलेले युरियातले नत्र पावसाच्या पाण्याबरोबर मुरते आणि नायट्रेटच्या रूपाने विहिरीत उतरते. त्याला ना रंग, ना वास. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. पाणी उकळून ते जात नाही; उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. अशा पाण्यात तान्ह्या बाळाचे वरचे दूध कालवले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि बाळ निळे पडू शकते. तेव्हा एक तपासणी पावसाळ्याआधी, एक पावसाळ्यानंतर आणि एक भर गाळपात, अशा निदान तीन तरी हव्यात.

सरकारी खाती हे काम करतातच. १९७४ च्या जल कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळ नमुने घेते. १९७२ साली स्थापन झालेली भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी मोजते आणि तिच्या प्रयोगशाळाही आहेत. पण तुमच्या शिवारातल्या प्रत्येक ओढ्यावर रोज कोण उभे राहणार? ते गावानेच केले पाहिजे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये दर गावी पाच जणींना चाचणी संच वापरायला शिकवण्याची योजना आहे. त्या भगिनी, शाळेचे गुरुजी, ग्रामसेवक आणि कारखान्याचा केमिस्ट यांनी एकत्र जाऊन बाटली भरावी. सांडपाणी मिळते त्या जागेच्या वर एक नमुना आणि खाली एक. संचाचा निकाल प्राथमिक असतो. शंका आली, तर नमुना प्रयोगशाळेत धाडावा.

गुरुजनहो, वही तुमच्याकडे असावी. आमच्या कॉलेजच्या मुलांनी एकदा ओढ्याच्या आठ बाटल्या मोठ्या हौसेने भरून आणल्या. पण चिठ्ठीवर ना तारीख, ना जागा! सारे पाणी ओतून द्यावे लागले. म्हणून दिवस, वेळ, जागा, पाऊस, रंग, वास आणि आकडा एवढे लिहाच; आणि हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. आपल्या समोर भरलेली बाटली खोटी आहे, असे मग कुणाला म्हणता येणार नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. या वहीत कधी कारखान्याची चूक निघेल, तर कधी आपल्याच खताच्या गोणीची, विहिरीलगतच्या उकिरड्याची. तेव्हा पान फाडायचे नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय काढा आणि पहिला नमुना कुठला घ्यायचा, तेवढे तरी ठरवून उठा.