टिबुकलीची ओळख
(कळवा येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आपण आज खाडीच्या काठी जमलो आहोत. येथे खांबांवर पंख वाळवीत बसलेले पाणकावळे आपण येतायेता पाहिलेच असतील. बुडी मारणारा पक्षी म्हटला की मुले त्यांचेच नाव सांगतात. परंतु आपल्या गावतळ्यात क्षणात दिसणारा व क्षणात नाहीसा होणारा चिमुकला पक्षी निराळा. ती टिबुकली. कोणी तिला पाणडुबी म्हणतात, तर कोणी बदकाचे पिल्लू समजतात.

तिची ओळख रंगावरून करू जाल तर फसाल. पावसाळ्याच्या सुमारास तिचे गाल व गळा गडद तांबूस होतात आणि चोचीच्या मुळाशी पिवळसर ठिपका उठून दिसतो. एरवी ती फिकट मातकट असते. म्हणून आधी आकार पाहावा. अंग कबुतराएवढे, गुबगुबीत. शेपटी जणू नाहीच. चोच आखूड व टोकदार, बदकासारखी चपटी नव्हे. पाणकावळ्याची शेपटी लांब व चोच टोकाशी वाकलेली असते. वारकरी पक्षी काळा, पण त्याची चोच व कपाळ पांढरे असते.

ही ओळख कशासाठी, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. मी नवशिका शिक्षक असताना ऐन पावसाळ्यात मुलांकडून श्रमदानाने तळे साफ करून घेतले. पाणवनस्पतींचा एक कुजका ढीग काठाजवळ तरंगत होता. एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, तो पक्षी यावरूनच उतरला.” मी त्यास गप्प केले व ढीग ओढावयास लावला. आत अंडी होती. घरटे सोडून जाताना टिबुकली अंडी पाणवनस्पतींनी झाकून ठेवते, हे मला ठाऊक नव्हते. त्या मुलाने पाहिले होते. मी पाहिले नव्हते.

तेव्हा माझी विनंती एवढीच : तळ्याच्या सफाईपूर्वी मुलांना काठावर अर्धा तास शांत बसवावे. पक्षी कोठे बुडाला, किती अंक मोजेपर्यंत वर आला, कोणत्या ढिगाकडे वळला, हे त्यांनी वहीत टिपावे. असा ढीग आढळल्यास विणीचा काळ सरेपर्यंत त्यास हात लावू नये. पुढे आईच्या पाठीवर बसलेली पट्टेदार पिल्ले दिसली, तर त्या दिवशी निसर्गाचा पाठ वेगळा घ्यावा लागणार नाही.

आणि एखादे मूल काही पाहिल्याचे सांगू लागले, तर आपण आधी तिकडे पाहावे, मग बोलावे. इतके सांगून मी आपली रजा घेतो.