तारेचा रोध कसा मोजतात?

विजेच्या प्रवाहाला तार जो विरोध करते त्यास रोध म्हणतात व तो ओहम या एककात सांगतात. १८३३ साली सॅम्युअल हंटर क्रिस्टी यांनी योजिलेली आणि १८४३ साली चार्ल्स व्हीट्स्टन यांनी, तिचे श्रेय क्रिस्टी यांनाच देऊन, प्रचारात आणलेली तुलनेची युक्ती आजही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मीटर ब्रिजच्या रूपाने नांदत आहे.

लाकडी फळीवर मोजपट्टीलगत ताणून बसविलेली एक मीटर लांबीची, सर्वत्र सारख्याच जाडीची तार, तांब्याच्या पट्ट्यांमधील डाव्या फटीत अज्ञात रोध, उजव्या फटीत ज्ञात रोधांची पेटी, एक विद्युतघट, प्रवाह चालू-बंद करणारी कळ, प्रवाह दाखविणारा एक गॅल्व्हानोमीटर आणि त्याला जोडलेली, तारेवर टेकवावयाची जॉकी नावाची टोकदार दांडी, एवढाच हा सरंजाम. जॉकीचे टोक तारेवर न घासता ठिकठिकाणी हलकेच टेकवीत गेले असता ज्या बिंदूवर गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर निश्चल राहतो, तेथे तारेच्या दोन भागांच्या लांबींचे गुणोत्तर हेच दोन रोधांचे गुणोत्तर असते. पेटीत २ ओहम असून तो बिंदू डावीकडून ६० सेंटिमीटरवर मिळाला, तर ६० भागिले ४० गुणिले २, म्हणजे अज्ञात रोध ३ ओहम, असा हा रोकडा हिशेब.

तथापि हा बिंदू तारेच्या मध्याजवळ येईल अशी तजवीज पेटीतील रोध बदलून करावी. टोकांच्या जोडांमुळे पडणारी तफावत बहुतांशी निघून जावी म्हणून दोन्ही रोधांची अदलाबदल करून पुन्हा वाचन घ्यावे. आणि तार तापली की तिचा रोधही बदलतो, यास्तव वाचनापुरताच प्रवाह चालू ठेवून कळ लगेच काढावी.