संशोधक वस्तीत येतात तेव्हा



आज पुढच्या रांगांत शिक्षणशास्त्राचे संशोधक बसले आहेत आणि मागे चिखली, पिंपरी, चाकणकडचे पालक. कुणी मुद्दाम असं बसवलेलं नाही. नेहमी असंच होतं, एवढंच लक्षात ठेवा.

विद्यापीठ, पालिकेची शाळा आणि वस्ती यांनी मिळून काम करावं, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. वि. गो. कुलकर्णी त्याचे संस्थापक संचालक. मूलभूत संशोधन करणाऱ्या संस्थेतली ही माणसं जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या शाळांत गेली, मुंबईत पालिका शाळांतल्या दलित मुलांबरोबर बसली. त्यांच्या लक्षात आलं की मुलं विज्ञानाला अडत नाहीत, पुस्तकाच्या भाषेला अडतात. भाषा सोपी केली की समज वाढते. आपल्या मुलांकडे बघा. घरात दखनी नाहीतर भोजपुरी, वर्गात पुस्तकी उर्दू, रस्त्यावर मराठी, आणि पुढे आयटीआयचा फॉर्म मराठी-इंग्रजीत. अशा मुलाला 'गणितात कच्चा' म्हणून शेरा मारणं सोपं असतं.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टूसान शहरात लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळीच वाट धरली. मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या घरी शाळेतले शिक्षकच गेले. त्या घरांत काय कमी आहे हे बघायला नाही, तर तिथली माणसं काय काय जाणतात हे शिकायला. शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधी वनस्पती. मग त्यातून वर्गातले धडे तयार झाले.

आता कुदळवाडीच्या भंगाराच्या शेडमध्ये या. प्लास्टिक निवडणारी बाई तुकडा पाण्यात टाकते. पीपी तरंगतं, पीव्हीसी बुडतं. सातवी-आठवीच्या पुस्तकात ज्याला घनता म्हणतात, ते ती रोज हाताने करते. चाकणच्या कारखान्यात लेथवर उभा असलेला बाप मायक्रोमीटरने मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो. त्याच्या मुलाला दशांश अपूर्णांक जमत नाहीत, अशी नोंद आपल्या एखाद्या प्रबंधात असेल. बापाला कुणी विचारलं का? प्रश्नावलीत त्याच्यासाठी एकच रकाना असतो: पालकाचं शिक्षण किती. तिथे 'पाचवी' लिहिलं की तो माणूस संपला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतली हजारो बांधकामं पाडली. ती अनधिकृत होती की नव्हती, हा वाद इथे नको; त्यावर आपण वेगळं बोललो आहोत. पण शेड गेली की मजूर हलतो, आणि मजूर हलला की मुलाचं नाव पटावर राहतं आणि मूल नसतं. संशोधनाच्या तक्त्यात ते 'गळती' म्हणून मोजलं जातं. शिक्षण हक्क कायद्याने मुख्याध्यापकाला दाखला ताबडतोब द्यायला सांगितलं आहे, वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. अशा वेळी दहा विद्यार्थ्यांनी घरोघरी जाऊन मुलं नव्या शाळेत पोचवली असती, तर भागीदारी हा शब्द मी आनंदाने वापरला असता.

थोडं आपल्या लोकांनाही बोलतो. विद्यापीठातून कुणी आलं आणि 'समाजाचे प्रतिनिधी कुठे भेटतील' असं विचारलं, की आपण त्याला नेमकं ट्रस्टींकडे पाठवतो. ते सज्जन असतील, पण त्यांची मुलं बहुधा इंग्रजी शाळेत जातात. पालिकेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला, असा कायदा आहे. किती ठिकाणी त्या महिला फक्त सहीपुरत्या असतात, ते मागच्या रांगेतल्या भगिनींना विचारा. १९६६ साली हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, तेव्हाही समाजाच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा, हाच प्रश्न होता.

आणि बैठकीची वेळ! सकाळी अकरा वाजता पालक सभा ठेवायची आणि 'पालक उदासीन आहेत' असा निष्कर्ष काढायचा. पहिल्या शिफ्टचा माणूस तेव्हा मशीनवर असतो, तिसऱ्या शिफ्टचा नुकता झोपलेला. कंत्राटी कामगाराने खाडा केला तर पगार कापला जातो.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्रकार्याला आणि समुदाय सहभागाला पदवीत क्रेडिट मिळतं. म्हणजे यापुढे वस्तीत येणाऱ्यांची संख्या वाढणार. तेव्हा संशोधक मित्रांना माझं मागणं साधं आहे. काय शोधायचं हे ठरवताना समितीतल्या दोन बायका टेबलाशी असू द्या. अहवाल विद्यापीठात जमा करण्याआधी शाळेत वाचून दाखवा, उर्दूत आणि मराठीत, संध्याकाळी सातनंतर. त्यात वस्तीबद्दल चुकीचं काही लिहिलं असेल तर ते तिथेच दुरुस्त होईल. ज्या मुलांच्या चाचण्या घेतल्या, ती पुढच्या वर्षी कोणत्या वर्गात आहेत, हे बघायला पुन्हा या.

आता मी थांबतो. प्रश्न मागच्या रांगेपासून सुरू करूया, माइक तिकडे द्या.