परसातील झाड आणि वेळेवरची छाटणी

आळेफाट्याजवळची राजुरी हे शेतकऱ्यांचे गाव असले, तरी रहदारीच्या रस्त्यांवरील अशा गावांत आता घराला घर लागू लागले आहे. ऐसपैस परस आखडून गुंठ्यावर येतो. झाडे लावण्याची हौस मात्र पूर्वीइतकीच राहते. आंब्याच्या दोन कलमांत दहा मीटर अंतर असावे, अशी जुनी शिफारस आहे. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्या हिशेबाने सगळा परस एकट्या आंब्याचा झाला! मग लिंबू, पेरू, शेवगा यांनी जावे कोठे?

रोप लावतेवेळी त्याला किती उंच होऊ द्यावयाचे, हे बहुधा कोणी ठरवीत नाही. दहा वर्षांनी फांदी शेजाऱ्याच्या पत्र्यावर येते, तंटा पंचायतीपुढे जातो आणि भरात आलेले झाड बुंध्यापासून तोडले जाते. ते आंबा, चिंच किंवा जांभूळ असेल, तर १९६४ च्या झाडे तोडणे (विनियमन) अधिनियमाखालील परवानगीचा प्रश्नही उभा राहतो. वृक्षारोपणाचा समारंभ सर्वत्र होतो. छाटणीचा मात्र कोठेच होत नाही.

शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते. रोप कमरेएवढे होताच शेंडा खुडावा आणि शेंगांचा हंगाम संपला की झाड तीन-चार फुटांवर छाटावे. पेरू नव्या फुटीवर फळतो. त्याला छाटणी मानवते. सीताफळ पानगळीत छाटावे. आंब्याची फळे उतरल्यावर मधली उभी फांदी काढली, तर ऊन आत पोचते. श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून दहा गुंठ्यांच्या शेतीचा विचार मांडताना उन्हाच्या अशाच हिशेबावर भर दिला होता.

मोरीचे पाणी केळी व अळूकडे वळवावे. लिंबाच्या बुंध्याशी ते साचू देऊ नये; डिंक्या रोग बळावतो. छाटलेला पाला आळ्यात पसरावा, परंतु बुंध्यापासून वीतभर दूर.

१९७८ साली ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन यांच्या ग्रंथातून ‘पर्माकल्चर’ ही कल्पना पुढे आली. झाड, झुडूप, वेल व भाजी यांचे थर एकाखाली एक दाटीने लावावेत, असे तीत सांगितले जाते. जुन्नर तालुक्यात ती जशीच्या तशी उचलून चालणार नाही. येथे उसाच्या फडांत बिबट्याचा वावर आहे. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र याच तालुक्यात आहे. घरालगत दाट झुडूप म्हणजे त्याला आयता आडोसा. तेव्हा मोठ्या झाडांचा बुंधा कमरेपर्यंत मोकळा ठेवावा, भाजीचे वाफे दाराजवळ घ्यावेत आणि मागील दारापासून गोठ्यापर्यंतची वाट एका नजरेत दिसावी. केळीच्या बेटातही दोन-तीनच खुंट राखावेत व वाळलेली पाने कापून टाकावीत. लहान मुले संध्याकाळी तेथूनच ये-जा करतात.